‘सॅड’ पुरे, असं मी म्हणायचो

माणसाचं मन इंग्रजीत सांगायला हॅपी, सॅड, अँग्री आणि टायर्ड एवढे शब्द पुरतात, बाकीचा सगळा शहरी मंडळींचा थाट, असं माझं मत होतं. ते मी मनात ठेवलं नव्हतं, वर्गात ठासून सांगायचो. नरसी नामदेव आणि आसपासच्या गावांतली लेकरं अकरावी-बारावीला माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. त्यांच्या घरात इंग्रजी असतं ते खताच्या पोत्यावर, फवारणीच्या डब्यावर आणि मोबाइलमध्ये. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे ही लेकरं माझ्यासमोर बसतात तेव्हा त्यांची त्या भाषेशी दहा वर्षांची ओळख झालेली असते. पण ती ओळख एसटीत रोज दिसणाऱ्या आणि कधीच न बोललेल्या माणसाशी असते तशी. अशा लेकरांपुढे ‘सार्डॉनिक’ आणि ‘मेलँकली’ ठेवायचं कशाला? आधी ‘ही गोज’ तरी नीट येऊ दे, मग बघू, असा माझा हिशेब.

ते मत मी आता सोडलं आहे. पण ते अगदीच टाकाऊ होतं असं म्हणायला मी तयार नाही, कारण त्यामागची कारणं आजही जागच्या जागी आहेत.

पहिलं कारण भीतीचं. आमच्याकडे इंग्रजी शब्द हा आधी अब्रूचा प्रश्न असतो आणि मग अर्थाचा. उच्चार चुकला तर पोरं हसतील, म्हणून हुशार पोरगंसुद्धा तोंड उघडत नाही. चार सोपे शब्द हातात दिले की ते बोलायला लागतं. सोप्या शब्दांच्या वाटेनं कित्येक जण बोलते झालेले मी पाहिले आहेत, आणि ती वाट मी आजही बंद केलेली नाही.

दुसरं कारण गाइडांचं. स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी गाइडात शेवटी एक परिशिष्ट असतं, ‘टोन वर्ड्स’. उताऱ्याचा सूर कोणता, लेखकाची वृत्ती कशी, स्वभावाचं वर्णन करा, अशा प्रश्नांसाठी दोनशे-तीनशे विशेषणं वर्णानुक्रमे लावलेली आणि प्रत्येकापुढे एकेक मराठी प्रतिशब्द. पोरं ती यादी पाढ्यांसारखी घोकतात. मग एखादा पेपरात लिहितो की या कवितेचा सूर ज्युबिलंट, सार्डॉनिक आणि मेलँकली आहे. आनंदानं उसळणारा, कडवट हसणारा आणि खिन्न, तिन्ही एकाच कवितेत! तीन लिहिले की एक तरी लागेल, हा त्यामागचा व्यवहार. असल्या उत्तरांनी माझं मत पक्कंच होत गेलं.

तिसरं कारण जॉर्ज ऑर्वेल. ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ हा त्याचा 1946 सालचा निबंध मी विद्यार्थिदशेत वाचला होता. आखूड शब्दानं भागत असेल तिथे लांब शब्द वापरू नका, हा त्यातला नियम मी ढालीसारखा पुढे करायचो. सहकाऱ्यांपैकी कुणी म्हणालं की सर, पोरांची शब्दसंपत्ती वाढवा, तर माझं उत्तर तयार, ऑर्वेल काय म्हणतो ते वाचा. नियम खरा आहे. पण त्यात एक अट आहे, ‘भागत असेल तिथे’. माझं सगळं मतांतर या अटीतच आहे. भागत नाही तिथे काय?

भागत नाही हे दिसलं ते चोखोबांमुळे. ‘आपल्या गावाची ओळख’ असा लेखनाचा विषय मी दिला होता. नरसीच्या लेकरांना या विषयाची अडचण पडत नाही. कयाधूचा काठ, नामदेव महाराजांचं मंदिर, एकादशीची गर्दी, आषाढीला पंढरपूरला निघणारी पालखी, नांदेडचं दर्शन करून इकडे वळणारे शीख भाविक, एवढ्यावर पान सहज भरतं. महाराजांचा जन्म 1270 चा, वडील दामाशेटी, आई गोणाई, हे तर सगळ्यांच्याच वहीत. एकानं त्याच्याही पुढे जाऊन नामदेवांच्या सोबतच्या संतांवर दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. चोखोबांबद्दल त्याचं वाक्य होतं, ‘चोखामेळा वॉज अँग्री विथ गॉड.’ व्याकरण बिनचूक. मी बरोबरची खूण केली आणि वाक्य वर्गात वाचून दाखवलं.

तर एक मुलगी उठली. घरात वारी, वडील सप्ताहात टाळ घेऊन उभे राहणारे. म्हणाली, “सर, चोखोबा रागीट नव्हते.”

“अगं, रागीट नाही म्हटलं त्यानं. रागावले होते म्हटलंय.”

“ते बी नाही सर. राग तर आमच्या आज्याला पण येतो, चहा गार झाला की. चोखोबांचं तसं नव्हतं. त्यांना देवळात येऊ देत नव्हते.”

वर्ग गप्प झाला. मीही क्षणभर गप्प झालो, कारण तिचा मुद्दा भाषेचा होता आणि तो मला सुचलेला नव्हता. परंपरा सांगते, मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले, आणि त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या. महाद्वारापाशी नामदेवांची पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी आहे. जिवंतपणी ज्या दारातून आत जाता आलं नाही त्याच दारासमोर. या माणसाच्या बोलण्याला ‘अँग्री’ म्हटलं की काय होतं? ऐकणारा त्याच्या तोंडाकडे बघतो. का बुवा एवढा चिडलाय, असं वाटतं. दोष बोलणाऱ्याच्या स्वभावात जमा होतो. ‘इंडिग्नंट’ म्हटलं की ऐकणाऱ्याची नजर बोलणाऱ्यावरून उठते आणि त्याच्यावर झालेल्या अन्यायावर जाते. त्या शब्दात रागाला कारण आहे, आणि ते कारण रास्त आहे, हे आधीच मान्य केलेलं असतं. एका विशेषणानं माणसाला भांडखोर ठरवता येतं किंवा त्याचं म्हणणं कबूल करता येतं. वर्तमानपत्रं हे रोज करतात. गावातल्या मोर्चाला कुणी ‘अँग्री मॉब’ म्हणतो, कुणी ‘इंडिग्नंट फार्मर्स’. माणसं तीच, घोषणा त्याच.

मी फळ्यावर ‘इंडिग्नंट’ लिहिलं. चार अक्षरांचा अवघड शब्द, पण त्या दिवशी कुणी दचकलं नाही. शब्द फळ्यावर येण्याआधी त्याची गरज वर्गात येऊन बसली होती.

तेव्हापासून मी आमच्या लेकरांच्या कानाकडे लक्ष द्यायला लागलो. जी मुलं ‘टोन’ या प्रश्नापाशी अडतात, तीच मुलं सप्ताहात रात्री अकरापर्यंत मांडी घालून कीर्तन ऐकतात आणि महाराजांचा आवाज जरा बदलला की त्यांना कळतं, आता कोण बोलतंय. नैवेद्याचं ताट घेऊन देवासमोर अडून बसलेला लहानगा नामदेव बोलतो तेव्हा आवाजात हट्ट असतो, रडकुंडी असते आणि डोकं आपटून घेईन अशी धमकीही असते. गोरोबाकाका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत येतात आणि हे मडकं कच्चं म्हणतात, तेव्हा नामदेव रुसतात. तो राग नाही. अभिमानाला टोचलं की माणूस जसा फुरंगटतो तसं ते आहे, आणि इंग्रजीत त्याला ‘पीक्ड’ असा नेमका शब्द आहे. मग औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर भेटतात, पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पाय काढा म्हटल्यावर ते शांतपणे म्हणतात की जिथे पिंड नसेल तिथे तूच माझे पाय नेऊन ठेव. चेहऱ्यावर काही नाही, आवाजात काही नाही, आणि समोरच्याचं सगळं ज्ञान मोकळं. हा ‘डेडपॅन’. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालतात तेव्हा त्या शिव्या आहेत की लाड आहेत, हे आमच्याकडे पाचवीच्या पोराला विचारा.

म्हणजे सूर ओळखण्याची तालीम इथे घरोघरी झालेली आहे. कमी आहे ती फक्त तिकडच्या नावांची. आणि मी मात्र या लेकरांना हे झेपणार नाही असं गृहीत धरून चाललो होतो.

शीख भाविकांवरून आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, हे नरसीत सगळ्यांना ठाऊक असतं, अभिमानानं सांगितलं जातं. पण तो ग्रंथ लावला कसा आहे, हे मीही उशिरा समजून घेतलं. त्याचा मुख्य भाग रागांनुसार लावलेला आहे, एकूण 31 राग. पदाच्या आधी रागाचं नाव येतं आणि मग शब्द येतात. कोणत्या सुरात घ्यायचं ते आधी सांगून ठेवायचं, अर्थ मागून. आमची परीक्षा बरोबर उलट करते. उतारा वाचा, अर्थ सांगा, आणि वेळ उरला तर सुराचा प्रश्न सोडवा.

आता वर्गात मी काय करतो ते सांगतो. यादी देत नाही. फळ्यावर एक मराठी वाक्य लिहितो, “आलास का?” आणि मुलांना सांगतो की हे कोण, कुणाला, कुठे म्हणतंय ते ठरवा आणि म्हणून दाखवा. पहिल्यांदा केलं तेव्हा वर्गात नुसता हशा. मग एकजण आई झाला, पुण्याहून दिवाळीला आलेल्या मुलाला दारात म्हणणारी. त्याच्यापुढे ‘टेंडर’ लिहिलं. दुसऱ्यानं पारावर तासभर ताटकळलेला मित्र केला. ते ‘एग्झॅस्परेटेड’. तिसरा उसने दिलेले पैसे परत मागायला आलेला माणूस झाला. ओठांवर हसू, ‘का’ लांबवलेला, आणि डोळे अजिबात हसत नाहीत. पोरं हसता हसता थांबली. ‘मेनसिंग’. एकीनं बांधावरून बोलणं तुटलेला चुलता केला, लग्नाच्या मांडवात समोरासमोर आल्यावर लोकलाजेस्तव म्हणणारा. यावर वर्गात वाद झाला. कुणी म्हणालं ‘कर्ट’, कुणी म्हणालं ‘ग्रजिंग’. तुटक म्हणायचं की मनाविरुद्ध? शेवटी मुलीच म्हणाल्या, सर, तो म्हणतो ते मनाविरुद्ध आणि ऐकू येतं ते तुटक. मी दोन्ही ठेवले.

मग बाप आला. एका मुलानं निकालानंतरचा बाप केला, करड्या आवाजात, भुवया चढवून. मी ‘स्टर्न’ लिहायला खडू उचलला तर मागच्या बाकावरून आवाज आला, “असं नाही म्हणत सर.” हा मुलगा वर्षभरात कधी बोलला नव्हता. मी म्हटलं, मग कसं म्हणतात, तू म्हणून दाखव. त्यानं म्हणून दाखवलं. खालच्या पट्टीत, कुणाकडेही न बघता, “आलास का,” आणि वाक्यानंतर प्रश्नचिन्ह नव्हतंच. म्हणाला, “रागावले असते तर बरं होतं. नुसतं एवढं बोलले अन् गोठ्यात गेले.”

त्याच्यासाठी शब्द आहे ‘रिझाइन्ड’. राग संपल्यावर, आशाही संपल्यावर जे उरतं ते. मी शब्द लिहिला, अर्थ सांगितला नाही, कारण अर्थ सांगून झाला होता. माझ्या जुन्या चार शब्दांत त्या बापाला कुठे बसवला असता? ‘सॅड’मध्ये. आणि त्या ‘सॅड’मध्ये बैल मेलेला माणूस, मुलीच्या पाठवणीत रडणारी आई, मॅच हरलेली पोरं, सगळे एकाच बाकावर बसले असते.

हे परीक्षेपुरतं नाही, नोकरीतही अडतं. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात एका कंपनीत लागला. एका रात्री फोन आला, सर, मॅनेजर लय चिडलेत, काय लिहू? मेल वाचून दाखव म्हटलं. मेल दोन ओळींचा होता, मिळालं, चार वाजेपर्यंत सुधारलेली फाइल पाठवा, बस्स. त्यात राग कुठेच नव्हता. घाईतल्या माणसाचा तुटकपणा होता, ‘कर्ट’ म्हणतात तसा. याच्या कानाला मात्र ‘डियर’ नाही, ‘प्लीज’ नाही म्हणजे राग, कारण राग सोडून दुसरा कप्पाच त्याच्याकडे नव्हता. त्यानं पानभर माफीनामा लिहून ठेवला होता. तोच मुलगा दुसरा एक मेल खूप नम्र आहे म्हणून दाखवत होता. त्याची सुरुवात होती, ‘ॲज पर माय अर्लियर मेल’. आता ज्यांनी ऑफिसात दिवस काढले आहेत त्यांना विचारा या चार-पाच शब्दांत किती नम्रता असते ते! आपल्याकडे जाऊबाई गोड हसून “मी तर तेव्हाच म्हटलं होतं हं” म्हणतात, त्याच जातीचं हे वाक्य. रागाला नम्रता समजणं आणि घाईला राग समजणं, दोन्ही चुका एकाच आठवड्यात, आणि दोन्हींचं मूळ एकच. त्याचं व्याकरण चांगलं होतं. ते मीच शिकवलं होतं.

सूर चुकला की अर्थ कसा उलटतो याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण रॉबर्ट फ्रॉस्टचं आहे. ‘द रोड नॉट टेकन’ ही 1915 साली छापून आलेली कविता. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात ती हमखास येते. वक्ता हात वर करून सांगतो की बघा, कवीनं कमी माणसं जातात ती वाट धरली म्हणून तो मोठा झाला. मीही ती अशीच शिकवायचो, सूर ‘इन्स्पायरिंग’. फ्रॉस्टनं ती लिहिली होती आपल्या मित्राची, एडवर्ड थॉमसची, थट्टा करण्यासाठी. दोघे इंग्लंडात फिरायला जात आणि थॉमस कोणतीही वाट धरली तरी दुसरी धरायला हवी होती म्हणून हळहळत बसे. कवितेतच म्हटलं आहे की दोन्ही वाटा जवळपास सारख्याच तुडवलेल्या होत्या. पुढे कधीतरी आपण उसासा टाकून सांगू की मी वेगळी वाट धरली, त्या भविष्यातल्या बढाईकडे कवी ओठाच्या कोपऱ्यात हसून बघतो. या हसण्याला इंग्रजीत ‘राय’ म्हणतात, तिरपं, मिश्किल, स्वतःलाही न सोडणारं. हा एक शब्द हाताशी नसेल तर कविता उलटी वाचली जाते. थॉमसनंसुद्धा ती गंभीरपणेच घेतली. त्याच सुमारास तो सैन्यात भरती झाला आणि 1917 मध्ये आरासच्या लढाईत मारला गेला. ज्याच्यासाठी थट्टा केली त्यालाच तिचा सूर कळला नाही.

हे ऐकल्यावर मुलांना जरा धीर येतो. आणखी धीर द्यायचा तर मी आय. ए. रिचर्ड्सची गोष्ट सांगतो. केंब्रिजच्या या प्राध्यापकानं विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि वाचून काय वाटलं ते लिहून मागितलं. इंग्रजी ज्यांच्या घरची भाषा होती अशा त्या मुलांनी असे काही अर्थ लावले की रिचर्ड्सला त्यावर ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक लिहावं लागलं, 1929 साली. त्यात त्यानं अर्थाचे चार भाग पाडले, शब्दार्थ, भावना, सूर आणि हेतू. सूर म्हणजे बोलणाऱ्याची ऐकणाऱ्याकडे बघण्याची नजर. केंब्रिजमध्ये चुकत असेल तर नरसीत चुकलं म्हणून लाजायचं कारण नाही.

स्वभावाच्या शब्दांचं मात्र थोडं वेगळं आहे. सूर क्षणाचा असतो, मनःस्थिती दिवसाची आणि स्वभाव जन्माचा. आपल्या भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात स्थायी भाव 8 आणि येणारे-जाणारे संचारी भाव 33, ही वाटणी याच जातीची. पण पोरं तिन्हींची सरमिसळ करतात, एका प्रसंगात चिडलेल्या पात्राला कायमचं ‘शॉर्ट-टेम्पर्ड’ करून टाकतात. ‘सँग्विन’, ‘कॉलेरिक’, ‘फ्लेग्मॅटिक’, ‘मेलँकली’ ही चौकडी मी आधी निव्वळ पुस्तकी समजत होतो. शरीरात रक्त, पिवळं पित्त, कफ आणि काळं पित्त असे चार रस, आणि ज्याचा जोर जास्त तसा माणूस, या ग्रीक वैद्यकातून ते शब्द आले. तीच चौकडी युनानी वैद्यकात ‘मिजाज’ म्हणून आली, आणि 1948 च्या सप्टेंबरपर्यंत आमचा हा मुलूख निजामाचा होता. उर्दूत शिकलेली म्हातारी माणसं “मिजाज कैसे हैं” असं विचारायची. मराठीत मात्र त्या शब्दाची ‘मिजास’ झाली आणि स्वभावाऐवजी नुसता तोरा उरला. कफप्रकृतीचा माणूस थंड, संथ, लवकर न रागावणारा, हे आमच्या आजीला चरक न वाचता माहीत होतं. ‘फ्लेग्मॅटिक’ वर्गात सांगताना मला आता दुसरं काही सांगावंच लागत नाही.

मराठीत असले शब्द किती आहेत ते कुणाला बघायचं असेल तर त्यानं मोल्सवर्थ उघडावा. कंपनी सरकारच्या लष्करातल्या या माणसानं इथल्या पंडितांना हाताशी धरून मराठी-इंग्रजी कोश केला, पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. माणसाच्या स्वभावाचा एखादा मराठी शब्द आला की त्याला एका इंग्रजी शब्दानं समाधान होत नाही. तो विशेषणांची रांग लावतो. तुसडा, हेकट, भिडस्त, तिरसट, आतल्या गाठीचा, मुखदुर्बळ, अशी माणसं गावोगाव पाहिलेल्या त्या साहेबाला ‘बॅड’ आणि ‘शाय’ पुरले नाहीत. मग मला कसे पुरत होते?

तरीही तीनशे शब्दांची यादी मी आजही देत नाही, आणि इथे माझं जुनं मत अजून जिवंत आहे. ‘लुगुब्रियस’, ‘लॅक्रिमोज’, ‘स्प्लेनेटिक’, ‘प्युसिलॅनिमस’ यांच्यासाठी एकाही मुलाची झोप मोडू नये. हे शब्द रोजच्या इंग्रजीत कुणी बोलत नाही. ते परीक्षकाला खूश करण्यासाठी जिवंत ठेवलेले आहेत. त्यांच्यापुढे ऑर्वेल बरोबर आहे. ‘राय’, ‘कर्ट’, ‘विस्टफुल’, ‘रिझाइन्ड’, ‘इंडिग्नंट’, ‘ग्रजिंग’, ‘अर्नेस्ट’, ‘डिटॅच्ड’, ‘कंडिसेंडिंग’ हे मात्र सोडू नयेत. यातले निम्मे तर लांबही नाहीत. ‘कंडिसेंडिंग’ लांब आहे, पण गरिबाच्या पोराला तो सगळ्यात आधी शिकवावा असं माझं म्हणणं आहे. समोरचा गोड बोलून आपल्याला खाली बसवतोय, हे ओळखायचं नाव त्याला मुलाखतीच्या खोलीतच लागणार आहे.

हे लिहिताना एक शंका मला स्वतःलाच आहे, ती सांगून टाकतो. या शब्दांमुळे मुलांचे गुण वाढले का, तर फार नाही. रसग्रहणाच्या प्रश्नात तपासणारा घाईत असतो. ‘सॅड’ लिहिलं काय आणि ‘रिझाइन्ड’ लिहिलं काय, खूण सारखीच पडते. पालक विचारतात की सर, याचा उपयोग काय, तेव्हा गुणांचा आकडा माझ्याकडे दाखवायला नसतो. वेळही जातो. एका “आलास का”वर दोन तास गेले आणि त्या महिन्यात धड्यांचं वेळापत्रक मागे पडलं ते पडलंच. ज्यांना पोर्शन संपवायची घाई आहे त्यांना माझा हा उद्योग परवडणार नाही, हे मला मान्य आहे.

गावोगावच्या इंग्रजी शिक्षकांना तरी एवढी विनंती करतो. ती यादी वाटण्याआधी एक तास वर्गात मुलांना मराठीत बोलू द्या, आपल्या घरच्यांचे आवाज काढू द्या, आणि जिथे इंग्रजी शब्द अपुरा पडेल तिथेच नवा द्या. आणि वही तपासताना ‘सॅड’पुढे बरोबरची खूण करण्याआधी मुलाला एकदा विचारा, कसा सॅड?